विश्लेषण : फिजिओथेरपीचे विद्यार्थी संशोधन शिकतात, की फक्त प्रकल्प उरकतात?

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आहे, जीवसांख्यिकी आहे, बहुतेक ठिकाणी छोटा प्रकल्पही आहे. पण परीक्षेत उत्तीर्ण होण्यापुरते शिकलेले संशोधन आणि रुग्णासमोर उभे असताना कामी येणारे संशोधन यांत मोठे अंतर आहे. 2025 मध्ये जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने फिजिओथेरपीची इंटर्नशिप सहा महिन्यांवरून एक वर्षाची केली. हे अंतर त्या वर्षात कमी होईल का आणि त्याचा कंबरदुखीच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाशी काय संबंध, याचा आढावा…

संशोधन कौशल्य म्हणजे नेमके काय?

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, पीएचडी आणि जाडजूड प्रबंध डोळ्यासमोर येतात. पदवीच्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा नसते. त्याला रुग्णाविषयी पडलेला प्रश्न नीट मांडता यावा, त्याचे उत्तर कुठे शोधायचे हे कळावे, सापडलेल्या शोधनिबंधावर किती विसंबायचे हे ठरवता यावे आणि आपण दिलेल्या उपचाराचा परिणाम मोजता यावा, एवढेच अपेक्षित असते. ‘पुराव्यावर आधारित उपचार’ ही संकल्पना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून पुढे आली. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात तिची नेमकी मांडणी केली. उपलब्ध पुरावा, उपचार करणाऱ्याचे कसब आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालायचा, असे त्याचे सार.

प्रश्न मांडणे हेच पहिले आणि सर्वांत अवघड काम. ‘गुडघेदुखीवर व्यायाम चांगला का?’ हा प्रश्न इतका ढोबळ आहे, की त्याचे उत्तर हो असले तरी उपयोगाचे नाही. ‘साठीच्या पुढच्या, गुडघ्याची झीज झालेल्या महिलेला नुसत्या शेकापेक्षा मांडीच्या स्नायूंचे आठ आठवड्यांचे व्यायाम दिले तर जिना उतरतानाची वेदना किती कमी होते?’ हा शोधता येण्याजोगा प्रश्न. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम कोणता, या चार अंगांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पिको’ म्हणतात. वर्गात ते पंधरा मिनिटांत शिकवून होते. ओपीडीत रांग लागलेली असताना ते सुचणे वेगळे.

अनुभव पुरेसा का नाही?

समजा, वजन उचलताना कंबर धरलेला एक रुग्ण येतो. त्याला अल्ट्रासाउंड किंवा ‘करंट’च्या दहा सिटिंग्ज सांगितल्या जातात. दोन-तीन आठवड्यांत त्याला बरे वाटते. रुग्ण खूश, उपचार करणारा खूश आणि शेजारी उभा असलेला विद्यार्थी मनात नोंद करतो की, या यंत्राने गुण येतो. असे पन्नास रुग्ण पाहिले की ती नोंद ‘अनुभव’ होते.

घोळ असा की, नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांमध्ये पहिल्या सहा आठवड्यांत आपसूकच बरीच उतरते. शिवाय माणूस उपचाराला येतो तेव्हा दुखणे सहसा टोकाला पोहोचलेले असते. त्यानंतर ते उतरणीला लागण्याचीच शक्यता जास्त. त्यात यंत्राचा आवाज, थंडगार जेल आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे ही भावना, यांचाही वाटा असतो. यांतून यंत्राचा स्वतःचा परिणाम वेगळा काढायचा, तर तसेच रुग्ण, तेवढेच दिवस, पण यंत्राविना किंवा बंद यंत्रासह, अशी तुलना लागते. कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते, नाहीतर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत एकाच गटात जातात. यादृच्छिक चाचणी म्हणतात ती हीच.

अशा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या 2014 मधील आणि 2020 मध्ये अद्ययावत केलेल्या आढाव्यांत, जुनाट कंबरदुखीवर अल्ट्रासाउंड उपयोगी असल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. ब्रिटनच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स’ने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल करंट देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले. व्यायाम आणि हालते राहण्याचा सल्ला यांना त्यात वरचे स्थान आहे. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत ही यंत्रे आजही उपचारांचा कणा आहेत, हे कंबर दुखलेल्या वाचकाला सांगायला नको. यंत्र लावले नाही तर ‘आज काहीच केलं नाही का?’ असे रुग्णच विचारतात, ही उपचारकांचीही अडचण आहे.

सद्हेतू असलेला उपचारही चुकू शकतो, हे ‘ॲव्हर्ट’ या चाचणीने दाखवले. पक्षाघाताच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवू, चालवू तितके चांगले, असा समज होता. पाच देशांतील 56 स्ट्रोक युनिट्समध्ये 2,104 रुग्णांवर ही चाचणी झाली आणि 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. चोवीस तासांच्या आत, जास्त वेळा अंथरुणाबाहेर काढलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगली स्थिती गाठणारे 46 टक्के होते. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात 50 टक्के. म्हणजे उत्साहाच्या अतिरेकाने थोडे नुकसानच झाले. मात्र ‘पक्षाघाताच्या रुग्णाला उठवू नका’ असा याचा अर्थ नाही, कारण तुलनेच्या गटातही रुग्णांना बऱ्यापैकी लवकरच उठवले जात होते. शोधनिबंधाचा केवळ सारांश वाचणारा विद्यार्थी इथेच फसतो.

भारतीय रुग्णांवर असा अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि पुनर्वसन शिकणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. पक्षाघातानंतर घरी गेलेल्या रुग्णाला नियमित फिजिओथेरपी मिळणे भारतात बहुतेकांसाठी अवघड. मग घरच्यांनाच प्रशिक्षण दिले तर? मुलगा, सून किंवा पत्नीने व्यायाम करून घ्यायचे, ही कल्पना स्वस्त आहे आणि आपल्या कुटुंबपद्धतीत चपखल बसते. ‘अटेंड’ या चाचणीत देशातील 14 रुग्णालयांमधील 1,250 रुग्ण सहभागी झाले. अर्ध्यांच्या कुटुंबीयांना रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन शिकवण्यात आले. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 मध्ये आलेला निष्कर्ष असा की, सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच होते.

ही चाचणी झाली नसती तर अशी योजना सरकारी कार्यक्रमात सहज शिरली असती आणि तिच्या यशाच्या कहाण्याही छापून आल्या असत्या. विद्यार्थ्यासाठी मात्र खरे शिक्षण निष्कर्षानंतर सुरू होते. घरच्यांनी रोज प्रत्यक्षात किती वेळ व्यायाम करून घेतला? नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाला काय मिळत होते? आपल्या वॉर्डातला रुग्ण त्या 1,250 जणांसारखा आहे का? हे प्रश्न विचारता येणे म्हणजे शोधनिबंध वाचता येणे.

मग विद्यार्थ्यांचे प्रकल्प कसे होतात?

हा थोडा अवघड विषय. पदवीच्या प्रकल्पांची शीर्षके चाळली तर एक गोष्ट लगेच जाणवते: सर्वाधिक तपासला गेलेला माणूस म्हणजे महाविद्यालयातलाच विद्यार्थी. मोबाइलमुळे होणारी मानदुखी, वसतिगृहातील मुलींच्या मांडीच्या स्नायूंची लवचिकता, परीक्षेच्या काळातील ताण, असे विषय पुन्हा पुन्हा येतात. त्याला कारणे आहेत. वर्गमित्र हाताशी असतात, नाही म्हणत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गायब होत नाहीत.

रुग्ण मिळवणे मात्र कठीण. विद्यार्थ्याचे पोस्टिंग काही आठवड्यांनी बदलते. ऑर्थोपेडिक्समधून न्यूरोत, तिथून छातीच्या विकारांच्या वॉर्डात, मग लहान मुलांकडे. व्यायामाचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर विद्यार्थी दुसऱ्या विभागात आणि रुग्ण गावी. मुंबईत लोकल, बस बदलून ओपीडीत पोहोचणाऱ्या रुग्णाची रोजंदारी बुडते. तो चौथ्या सिटिंगनंतर आला नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

अशा स्थितीत ‘प्रत्येक गटात पंधरा, एकूण तीस’ हा आकडा जणू परंपरेने चालत आला आहे. तीस रुग्णांत मोठा फरक असेल तरच दिसतो. मध्यम किंवा लहान फरक असला तर तो निसटतो, किंवा योगायोगाने दिसलेला फरक खरा वाटतो. आकडेमोड बाहेरच्या जाणकाराकडे सोपवली जाते, तिथून ‘पी व्हॅल्यू’ 0.05 पेक्षा कमी असल्याचा तक्ता येतो आणि चर्चा संपते. पण त्या आकड्यावरून फरक किती मोठा आहे हे कळत नाही. समजा, दहापैकी मोजलेली वेदना एका गटात दुसऱ्यापेक्षा 0.4 ने जास्त उतरली. पुरेसे रुग्ण असतील तर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरेल, पण रुग्णाला तो जाणवणारही नाही.

फिजिओथेरपिस्टना पुराव्याचा वापर करताना काय आड येते, याचा पद्धतशीर आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेचा अभाव, संख्याशास्त्र न समजणे, साधनांची कमतरता आणि संस्थेचा पाठिंबा नसणे ही कारणे त्यात पुढे आली. म्हणजे हे दुखणे जगभरचे आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक भर म्हणजे प्रकाशनाची घाई. परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी नावावर एखादा शोधनिबंध असावा, म्हणून पैसे भरून काही दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांची वाट धरली जाते. दर्जेदार नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादीही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये बंद केली. आता चांगले-वाईट पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि मार्गदर्शकांवर आहे.

वॉर्डात संशोधन शिकायचे म्हणजे काय करायचे?

मोजण्यापासून सुरुवात करायची. गुडघा किती वाकतो हे गोनिओमीटरने मोजताना दोन अनुभवी व्यक्तींच्या मापांतही काही अंशांचा फरक पडतो. साधारण पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणीतली चूक म्हणून धरण्याचा प्रघात आहे. सोमवारी एकाने 90 अंश लिहिले, गुरुवारी दुसऱ्याने 94, तर ती सुधारणा आहे की हाताचा फरक? एकाच रुग्णाचा गुडघा पाच विद्यार्थ्यांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजला, तर अर्ध्या तासात मापनाची विश्वासार्हता कळते. त्यासाठी निधी लागत नाही.

तोल तपासणाऱ्या ‘बर्ग बॅलन्स स्केल’मध्ये 14 कृती आणि 56 गुण असतात. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, ही चाचणी तर लांब व्हरांडा आणि घड्याळ यांवर होते. दीर्घकालीन श्वसनविकारात तिच्यातली साधारण 30 मीटरची वाढ महत्त्वाची मानावी, असे युरोप आणि अमेरिकेतील श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये म्हटले. हा आकडा माहीत असलेला विद्यार्थी आठ मीटरच्या वाढीवर हुरळून जात नाही.

मोजपट्टी आपल्या रुग्णाला लागू पडते का, हाही संशोधनाचाच प्रश्न. कंबरदुखीसाठी जगभर वापरली जाणारी ‘ओस्वेस्ट्री’ प्रश्नावली रुग्णाला खुर्चीवर किती वेळ बसता येते, असे विचारते. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या किंवा वाकून खुरपणी करणाऱ्या बाईची अडचण त्यात कुठे पकडली जाते? लैंगिक आयुष्याविषयीचा प्रश्न तर आपल्याकडे अनेक जण कोराच सोडतात. या प्रश्नावलीच्या मराठी आवृत्तीची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास ‘स्पाइन’ या नियतकालिकात 2013 मध्ये आला. मराठीत असे काम आणखी व्हायला हवे आणि त्यात पदवीचे विद्यार्थी खरोखर उपयोगी पडू शकतात. रुग्णाची बोली त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त जवळची असते. ‘मुंग्या येतात’, ‘वात आला’, ‘चमक निघते’, ‘अंग जड पडतं’ यांतला फरक भाषांतर करणाऱ्या संस्थेला कळणार नाही.

पदवीच्या पातळीवर चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीचा हट्ट धरण्यापेक्षा एकाच रुग्णाची नेटकी नोंद अधिक शिकवून जाते. उपचाराआधी काही दिवस मोजायचे, उपचार सुरू करून मोजायचे, शक्य तिथे थांबवून पुन्हा मोजायचे. दुसरा पर्याय म्हणजे विभागाच्या कामाचा लेखाजोखा. गेल्या तीन महिन्यांत पक्षाघाताच्या किती रुग्णांचा तोल पहिल्या आठवड्यात मोजला गेला, एवढे जुन्या केसपेपरवरून काढले तरी विभागप्रमुखांना विचार करायला लागेल. अर्थात तेच कारण असे प्रकल्प न होण्यामागेही असू शकते.

ही सवय आधीच का लागली नाही?

या दोन्ही शाखांचा भारतातील उगम मुंबईत, केईएम रुग्णालयात झाला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर (फलटणचे कृषी संशोधक बनबिहारी निंबकर यांच्या मातोश्री) यांनी 1950 मध्ये तिथे ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. पोलिओच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचे वर्गही उभे राहिले. गरज तातडीची होती आणि विद्या हाताची होती. ज्येष्ठांनी दाखवायचे, शिकाऊंनी उचलायचे. त्या पद्धतीने पिढ्या घडवल्या, पण ‘सर, हे आपण का करतो?’ हा प्रश्न त्यात उद्धटपणा ठरू लागला. जिथे मार्गदर्शकच दिवसाला कित्येक रुग्ण तपासत असतो, तिथे तो प्रश्न ऐकून घ्यायला त्याला वेळही नसतो.

शोधनिबंध वाचायला मिळतात का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. ती 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता. राज्यातील फिजिओथेरपी महाविद्यालयांपैकी बहुसंख्य खासगी आहेत. त्यांचे विद्यार्थी स्वतःच्या ग्रंथालयाच्या कुवतीवर अवलंबून राहतात.

तरीही दार पूर्ण बंद नाही. ऑस्ट्रेलियातून 1999 पासून चालवला जाणारा ‘पेड्रो’ हा माहितीसंच विनामूल्य आहे. फिजिओथेरपीतील चाचण्या, आढावे आणि मार्गदर्शक सूचना मिळून 60 हजारांहून अधिक नोंदी त्यात आहेत. चाचणी किती काटेकोर होती याचे दहापैकी गुणही तिथे दिलेले असतात. गुण म्हणजे अंतिम निवाडा नव्हे, पण नवख्या वाचकाला काठी म्हणून ते पुरतात. संदर्भ शोधायला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ती अस्तित्वात नसलेले शोधनिबंधही बेमालूम रचून देतात, त्यामुळे मूळ निबंध उघडून पाहणे अधिकच आवश्यक झाले आहे.

रुग्णाच्या संमतीचे काय?

पांढरा कोट घातलेली मुलगी सकाळी व्यायाम करून घेते आणि दुपारी ‘माझ्या अभ्यासात भाग घ्याल का?’ असे विचारते, तेव्हा सरकारी रुग्णालयातला रुग्ण नाही म्हणू शकतो का? नकार दिला तर उपचार तुटतील, अशी भीती त्याच्या मनात असतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक सूचना विद्यार्थ्यांच्या संशोधनालाही लागू होतात. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत माहिती, कधीही बाहेर पडण्याची मुभा आणि नैतिकता समितीची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’त तिची नोंद करावी लागते. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंद तिथे स्वीकारली जात नाही.

वेळापत्रक मात्र याला धार्जिणे नाही. समितीची बैठक लांबते, प्रकल्प जमा करण्याची तारीख लांबत नाही. मग संमतीपत्र म्हणजे सही घेण्याचा कागद उरतो. संमती कशी मागायची, हे कुणी वॉर्डात करून दाखवले तरच शिकता येते.

एक वर्षाच्या इंटर्नशिपने काय बदलेल?

‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ 2021 च्या कायद्याने अस्तित्वात आले. त्याच्या नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपीची पदवी चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी पाच वर्षांची झाली असून, पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष क्षमतेवर भर आहे. एक वर्ष हाताशी असेल तर एकच रुग्ण सहा-आठ आठवडे पाहणे शक्य होते, समितीची परवानगी वेळेत घेता येते आणि निबंध वाचून झाल्यावर तो उपचार करूनही पाहता येतो.

पण त्याच वर्षाचा दुसरा उपयोगही उघड दिसतो. रुग्णालयांना मनुष्यबळ हवे असते आणि इंटर्न हे सर्वांत स्वस्त मनुष्यबळ. वैद्यकीय इंटर्नच्या बाबतीत हा अनुभव जुना आहे. त्यांना निदान पदवीच्या काळात संशोधनाची एक अधिकृत वाट तरी होती. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1979 मध्ये सुरू केलेली अल्पकालीन संशोधन विद्यावृत्ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी होती. पुनर्वसन शाखांना तशी योजना हवी असेल तर मागणी महाविद्यालयांनाच रेटावी लागेल. आठवड्यातले किती तास वाचन आणि नोंदींसाठी राखायचे, त्यांवर देखरेख कोण करणार आणि इंटर्नने मोजलेले आकडे केसपेपरवर राहणार की वहीत, हे प्रत्येक महाविद्यालयाला वेळापत्रक लावताना ठरवावे लागेल.